माइकवरची हाक

"हॅलो, हॅलो... मागं ऐकू येतंय का?"

लिंबाला बांधलेल्या दोन्ही भोंग्यांतून आवाज आला आणि गुडघ्याला पट्टी बांधता बांधता माझा हात थांबला. आवाज अण्णांचा होता. माझे वडील, शिवराम हुलवान, माइकवर! ज्या माणसाला आमटीत मीठ कमी पडलं तरी आईला सांगवत नसे, नुसता वाटीकडे बघत बसे, तो माणूस विट्याच्या शाळेच्या मैदानावर एवढ्या गर्दीला ऐकू येतंय का म्हणून विचारत होता.

"हेमे, तुझे अण्णा गं!" आमची कप्तान मंगल थोरवडे म्हणाली. "आता काय बाई, मज्जा हाय तुझी."

मज्जा कसली! मी पट्टी सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागले.

झालं होतं ते असं. त्या करंडक स्पर्धेचं समालोचन दर वर्षी मुल्ला गुरुजी करायचे. यंदा तीन दिवस बोलून बोलून ऐन अंतिम सामन्याला त्यांचा घसा बसला. संयोजकांनी इकडेतिकडे बघितलं, तर पत्रकारांच्या बाकावर अण्णा. खो-खो कळणारे, बोलायला शुद्ध, शिवाय फुकट. "माझी मुलगी खेळतेय, मला नको," असं अण्णांनी दोनदा सांगून बघितलं म्हणे. पण आयत्या वेळी दुसरं कोण मिळणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण, ते आईने घरी गेल्यावर ठरवलं.

अण्णा जिल्ह्याच्या दैनिकाचे कराडचे क्रीडा वार्ताहर. पोटापाण्याला सहकारी संस्थेत कारकुनी होती, पण जीव सगळा मैदानात. कबड्डी असो, कुस्ती असो, शाळेच्या पोरांची लंगडी असो, अण्णा सायकलवर टांग टाकून हजर. आणि खो-खो म्हणजे तर त्यांचं देवघरच. कराडच्या कितीतरी मुलींची नावं अण्णांच्या बातमीमुळे गावोगावी माहीत झाली. त्यांच्या आया कात्रणं देवाच्या फळीवर ठेवायच्या. मंगलचं तर लग्न जमवताना तिच्या काकांनी खिशातून कात्रण काढून दाखवलं होतं.

मी सातवीत मैदानात उतरले ती याच हव्यासापायी, हे आता सांगायला हरकत नाही. खेळाची आवड नंतर लागली. आधी हवं होतं ते अण्णांच्या हातचं नाव.

ते काही मिळालं नाही. अण्णांची बातमी यायची, 'विजयी संघाकडून मंगल थोरवडे, शकुंतला यादव व अन्य खेळाडूंनी उत्कृष्ट खेळ केला.' त्यातली 'व अन्य' म्हणजे मी. एकदा मी सगळ्यांत जास्त गडी मारले, तरी मी व अन्यच. दुसऱ्या एका सामन्यात माझ्या मूर्खपणाने आम्ही हरलो. तेव्हा वाटलं, आता तरी शिव्या घालायला का होईना, नाव येईल. तर अण्णांनी लिहिलं, 'संघाच्या काही चुका नडल्या.' माझी चूकसुद्धा त्यांनी माझ्या पदरात टाकली नाही.

आई चेष्टा करायची. "काय गं व अन्य, अजून अर्धी भाकरी वाढू का?"

मी एकदा रडून विचारलं होतं. अण्णा खिडकीत बसून पेनमध्ये शाई भरत होते. "चिंगे," ते म्हणाले. घरात मी चिंगी; बाहेर हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि अण्णा बाहेर मला हाकच मारत नसत. "चिंगे, पंगतीत वाढणाऱ्यानं आपल्या पोराच्या ताटात दोन लाडू टाकले, की बाकीच्या ताटांतले सगळे लाडू लोकांना बारके दिसायला लागतात. मंगलबद्दल मी लिहितो ते लोक खरं मानतात. का मानतात? कारण तुझ्याबद्दल लिहीत नाही म्हणून."

"पण मी चांगलं खेळले तरी?"

"तरी. आपला तो बाब्या म्हणायला लोकांना वेळ लागत नाही."

याला कारणही होतं. पूर्वी आमच्याकडच्याच एका वार्ताहराने आपल्या भाच्याला बातम्यांत इतकं फुगवलं होतं, की तो पोरगा मैदानात आला की प्रेक्षक 'आले, आले, पेपरवाले आले' म्हणून ओरडायचे. बिचाऱ्याने वैतागून खेळ सोडला. अण्णांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मला सगळं पटत होतं. पटूनही जे हवं असतं ते हवंच राहतं, त्याला काय करायचं?

तर असे हे अण्णा आता माइकवर. आणि समोर मिरजेचा संघ. नाव घेतल्याशिवाय समालोचन करून दाखवा म्हणावं, असं मी मनात म्हटलं.

पण अण्णांनी ते करून दाखवलं. सामना सुरू झाला आणि भोंगे बोलू लागले, "कराडची चार नंबर पळते आहे. मिरजेच्या नऊ नंबरनं खो दिला. उत्तम खो. कराडची चार नंबर बाद." एकाही मुलीचं नाव नाही. माझं घ्यायला लागू नये म्हणून त्यांनी सगळ्यांचीच नावं खाऊन टाकली होती.

थोडा वेळ लोकांनी सहन केलं. मग मागून एकजण ओरडला, "ओ हुलवान, नावं घ्या की! मटक्याचे आकडे सांगताय काय?"

हशा पिकला. मुल्ला गुरुजी बसलेल्या घशाने अण्णांच्या कानाशी काहीतरी घोगरं बोलले. त्यानंतर नावं आली. मंगल थोरवडे आली, शकुंतला आली, मिरजेच्या मुलींची नावंसुद्धा त्यांनी मुल्ला गुरुजींना विचारून विचारून घेतली. फक्त मी पळायला लागले, की "कराडची सात नंबर".

पहिल्या डावानंतर विश्रांती झाली. मी पाणी प्यायचं निमित्त करून टेबलापाशी गेले. अण्णांनी माइकवर रुमाल गुंडाळला होता आणि वरून हाताने तो झाकून धरला होता.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "सगळ्यांचं घेतलंत. एकदा घ्या की माझं."

"माइक चालू आहे. जा."

"हात ठेवलाय की तुम्ही वर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पाणी फार पिऊ नकोस. पोटात गोळा येईल," असं म्हणाले आणि समोरच्या मैदानाकडे बघत राहिले. मला इतका राग आला, की मी तांब्यातलं उरलेलं पाणी तिथेच ओतलं. त्यांच्या चपलेवर थोडं उडालं. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

दुसऱ्या डावात आम्ही चांगल्या खेळलो. शेवटची पाळी आली तेव्हा आम्ही पुढे होतो, मिरजेच्या मुली पाठलागाला बसल्या होत्या आणि आम्हाला फक्त वेळ काढायचा होता. पण मिरजेच्या मुली इरेला पेटल्या. त्यांच्या शिक्षिका कुंभोजकर बाई कडेने पदर खोचून फिरत होत्या. आमची एकेक मुलगी बाद होत गेली, गुणांचं अंतर आटत आटत एका गुणावर आलं आणि आमच्या तुकडीत पळायला मी एकटी उरले. मी बाद झाले तर बरोबरी. शिट्टी होईपर्यंत टिकले तर करंडक आमचा.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पायाखालची तापलेली माती. बसलेल्या मुलींच्या पाठी. खांबाला हात लावून वळताना तळहाताला झोंबलेलं. लोक आता ओरडायला लागले होते, "सात नंबर! सात नंबर!" अण्णांनीच शिकवलेलं ते नाव मैदानाने उचललं होतं. भोंग्यांतून अण्णा सांगत होते, "सात नंबर हुलकावणी देते आहे... सात नंबर अजून..." आणि मध्येच भोंगे गप्प झाले. समालोचन थांबलं. नुसती खरखर यायला लागली.

मिरजेची एक उंच मुलगी माझ्या समोरून आली. मी डावीकडे झुकले, ती फसली असं मला वाटलं. पण ती फसली नव्हती. तिने मला जिथे आणायचं तिथे आणलं होतं. माझ्या पाठीशी त्यांची सगळ्यांत चपळ मुलगी बसलेली होती आणि उंच मुलीने तिलाच खो दिला.

"चिंगे, मागं बघ!"

दोन्ही भोंगे एकदम फुटल्यासारखे ओरडले. मी अंग चोरून वळत होते, एक हात माझ्या वेणीजवळून गेला, मी मातीत कोसळले आणि शिट्टी झाली.

पुढच्या क्षणी आमच्या सगळ्या मुली माझ्या अंगावर होत्या. मंगल माझे गाल ओढत होती. आमचे शिंगटे सर, जे आयुष्यात कधी हसले नाहीत असा आमचा समज होता, ते टोपी उडवत होते. मी त्या गर्दीतून मान काढून टेबलाकडे बघितलं. अण्णा उभे होते. माइक त्यांच्या हातात होता आणि तोंड अर्धवट उघडं होतं. आपल्या तोंडून काय गेलं ते अजून त्यांचं त्यांना खरं वाटत नसावं.

आणि कुंभोजकर बाई टेबलाकडे निघाल्या होत्या.

"आक्षेप आहे आमचा," त्या मुख्य पंचांना म्हणाल्या. मुख्य पंच खैरमोडे म्हणजे पिकलेल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. "माइकवरून खेळाडूला सूचना दिली. मागं बघ म्हणून सांगितलं. ही मुलगी बाद धरा."

शिंगटे सर धावत आले. "कोणाला सांगितलं? कशावरून आमच्या मुलीला सांगितलं?"

"मागं बघ म्हणाले. सगळ्या मैदानानं ऐकलं."

"चिंगे म्हणाले!" शिंगटे सरांनी बोट वर केलं. त्यांना आता जोर आला होता. "चिंगी कोण आहे आमच्यात? नऊच्या नऊ मुली तुमच्यापुढे उभ्या आहेत, विचारा नावं. अहो, मैदानाच्या कडेला बारकी पोरं बसलीत. एखादी दोरीच्या आत शिरली असेल, तिला हाक मारली असेल समालोचकानं. त्यात काय झालं?"

हे इतकं बिनतोड होतं, की कुंभोजकर बाईसुद्धा क्षणभर अडखळल्या. शिंगटे सर काही खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मंगलला माहीत नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या मैदानावर चिंगी कोण, हे दोघांनाच ठाऊक होतं.

खैरमोडे अण्णांकडे वळले. "हुलवान, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द आम्ही मानू. हाक कोणाला मारलीत?"

तुमचा शब्द आम्ही मानू. अण्णांनी इतकी वर्षं 'व अन्य' लिहून जे कमावलं होतं ते हेच होतं. आता त्यांनी 'एका बारक्या पोरीला' एवढं म्हटलं असतं, तर कुणी पुढे विचारलं नसतं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसभरात पहिल्यांदा सरळ बघितलं. मला वाटलं होतं ते ताडकन खरं सांगून मोकळे होतील, अण्णा ते, त्यांना कुठे विचार करावा लागतो! पण अण्णा गप्प राहिले. रुमाल गुंडाळलेला तो माइक दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उभे राहिले, आणि मला कळलं की हे बोलणार नाहीत. माझ्यासाठी हे आज गप्प बसणार आहेत.

"हुलवान?" खैरमोडे पुन्हा म्हणाले. मग आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमच्यात कोणी चिंगी आहे का गं मुलींनो?"

मंगलने मान हलवली. शकुंतला म्हणाली, "नाही सर."

"मी," मी म्हणाले.

मंगलने माझा दंड इतका करकचून धरला, की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं पडलं होतं.

"काय म्हणालीस?"

"मी चिंगी. घरात मला चिंगी म्हणतात. ते माझे वडील आहेत."

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. मला बाद धरलं, बरोबरी झाली, जादा डाव खेळवला. मी गेले तशी बाद होऊन परत आले. आम्ही हरलो. करंडक मिरजेला गेला. जाताना कुंभोजकर बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो नको होता.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. शिंगटे सर खिडकीबाहेर बघत होते. अण्णा पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एकटेच. बऱ्याच वेळाने मंगल माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं वैशाखात लग्न होतं, म्हणजे तिचा तो शेवटचा करंडक.

"गप बसायला काय झालंतं गं तुला?" ती म्हणाली. रागाने नाही, थकून.

मी दंड चोळत राहिले. तिने मूठभर शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि ती डोळे मिटून बसली. पुढे कितीतरी वर्षं ती भेटली की हेच विचारायची, आणि मी हसण्यावारी न्यायचे.

दुसऱ्या दिवसाची, अण्णांनीच लिहिलेली बातमी आईने चुलीपुढे बसून मोठ्याने वाचली. 'समालोचक शिवराम हुलवान यांनी आपली कन्या व कराडची खेळाडू हेमलता हुलवान हिला ध्वनिक्षेपकावरून सावध केल्याने तिला बाद ठरविण्यात आले. हाक आपल्यालाच होती, असे हेमलता हिने स्वतः पंचांना सांगितले.' एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही. पण एका बातमीत दोनदा नाव. आई वाचून म्हणाली, "आलं बाई एकदाचं." मग तिने पदराने डोळे पुसले आणि चुलीचा धूर झालाय असं सांगितलं. धूर नव्हता.

त्याच आठवड्यात अण्णांनी संपादकांना कळवून टाकलं, की खो-खोला यापुढे दुसरा माणूस पाठवा. त्यानंतर ते माझ्या सामन्यांना यायचे ते नुसते यायचे. खिशाला पेन नाही, हातात कागद नाही. गर्दीत कुठेतरी उभे राहायचे. नव्या वार्ताहराने माझ्यावर पुष्कळ लिहिलं, एकदा फोटोही आला. मी ती कात्रणं ठेवली नाहीत.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई गेल्यावर तर चिंगी म्हणणारं कुणीच उरलं नाही. मी मुलींना खो-खो शिकवते, त्यांना घेऊन गावोगाव जाते. सगळं बदललं, माती जाऊन मॅट आली, लिंबावरचे भोंगे गेले. पण सामन्याआधी माइक सुरू करतात, शब्द फुटायच्या आधी ती एक खरखर होते ना, तेव्हा माझी मान आपोआप मागे वळते. मुली हसतात. हसू देत. मला अजून ती हाक हवी आहे. नुसत्या तिच्यासाठी मी कितीही करंडक देऊन टाकीन.

मंगलला जे सांगता आलं नाही, ते मी करंडक हरलो त्याच संध्याकाळी अण्णांना सांगितलं होतं. कराडच्या स्टँडवर उतरून आम्ही दोघं घराकडे चालत निघालो. दिवे लागले होते.

"मी आधीच वळले होते अण्णा," मी म्हटलं. "तिची पावलं मला ऐकू आली होती. तुम्ही ओरडायच्या आधी."

"दिसलं मला," अण्णा म्हणाले. "पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं."

"हं."

"मग पंचांना का नाही सांगितलंस तसं?"

"कोण खरं मानणार होतं?"

ते थोडे चालले. मग थांबले. "नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं, चिंगे. मी बोलणार नव्हतो."

"कळलं होतं मला."

"मग?"

"तुम्ही हाक मारलीत," मी म्हटलं. "सगळ्यांपुढे मारलीत. मग ओ नको द्यायला?"

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि आम्ही चालायला लागलो. गल्लीच्या तोंडाशी आलो. आमच्या दारातला दिवा दिसत होता, आई उंबऱ्यात उभी होती. मी अण्णांच्या अगदी शेजारी, हात लागेल एवढ्या अंतरावर चालत होते.

"चिंगे," अण्णांनी हाक मारली. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"ओ," मी म्हणाले.

त्यांचं काही काम नव्हतं.